पुतणीचा कॅमेरा आणि वीस हजारांचा हिशेब

शेतकऱ्यांच्या मासिकांत कॅमेऱ्याविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील हें आम्ही जाणून आहों. आम्हीं आपलें आयुष्य तहसील कचेरींत खातेपुस्तकें आणि पैसेवारीचीं पत्रकें लिहिण्यांत घालविलें. छायाचित्रणाची विद्या आम्हांस अवगत आहे असा आमचा मुळींच दावा नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत एक कॅमेरा भेट देण्याचें काम आमच्यावर येऊन पडलें. गांठीस रुपये वीस हजार, त्यावर एक पैसा अधिक नाहीं. त्या पायीं आम्हांस तीन महिने चौकशी करावी लागली, चार ठिकाणीं हिंडावें लागलें, आणि पूर्वीं एकदां केलेली चूक पुन्हां न करण्याची खबरदारी घ्यावी लागली. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-मुली आज कृषिविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास आमच्या हिंडण्याचा त्यांस उपयोग व्हावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. इ. स. २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानें स्वतः आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद करावी असें ठरलें. तेव्हांपासून "आतां कॅमेरा घ्यावा लागतो कीं काय" असें विचारणारे दोन-चार सद्गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. या नोंदीस मोबाइलच लागतो, कारण फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जावे लागतात. त्यासाठीं वेगळा कॅमेरा घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय. आमच्या पुतणीचें काम निराळें होतें, आणि काम निराळें होतें म्हणूनच कॅमेऱ्याचा प्रश्न निघाला.

आमचे धाकटे बंधु चार वर्षांपूर्वीं वारले. त्यांची मुलगी यंदा कृषिविद्यालयाच्या शेवटच्या वर्षास आली. या वर्षीं विद्यार्थ्यांस खेड्यांत राहून कार्यानुभव घ्यावा लागतो. शेतकऱ्यांच्या शेतांत जाऊन पीक, रोग, कीड पाहावयाची व तें सारें वहींत मांडावयाचें असतें. मुलीस कीटकशास्त्राची गोडी विशेष. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ही २०१८ सालीं आपल्या देशांत प्रथम कर्नाटकांत आढळली आणि त्याच वर्षीं आपल्याकडेही येऊन पोंचली, हें मका करणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. ही अळी ओळखण्याची खूण अशी कीं, तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढल्यासारखी फिकट रेघ असते, आणि शेपटाकडील आठव्या खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांस मांडल्याप्रमाणें चार काळे ठिपके असतात. पूर्ण वाढलेली अळी तीन ते चार सेंटीमीटर लांब. तिचें डोकें तें केवढें, आणि त्यावरील रेघ ती केवढी! मुलीच्या फुटक्या काचेच्या मोबाइलवर पोंगा येई, पान येई, पानावरील भोकें येत, पण अळीच्या जागीं एक करडा डाग येई. गुरुजनांनीं वहींत शेरा मारला कीं, "खूण दिसत नाहीं." हा शेरा तिनें आम्हांस हंसत हंसत दाखविला. मागितलें कांहींच नाहीं.

आम्हीं मनांत ठरविलें कीं, मुलीस कॅमेरा द्यावयाचा. मक्याचे पैसे नुकतेच आले होते. त्यांतून वीस हजार बाजूस काढले. परंतु भावजयींस ही गोष्ट कळतांच त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही द्याल तें मोठ्या मनानेंच द्याल. पण एवढ्या पैशांत पोरीची खाणावळ किती महिने चालेल याचा हिशेब तुम्हांला मी सांगायला नको." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसास यावर उत्तर सुचेना. शेवटीं असें ठरलें कीं, वीस हजार ही मर्यादा. कॅमेरा व त्याचें सर्व सामान त्यांत बसवावयाचें, आणि जो रुपया उरेल तो खाणावळींत जमा व्हावयाचा. त्या क्षणापासून प्रत्येक शंभर रुपयांस आमच्या लेखीं एक निराळेंच वजन आलें.

आतां ती पूर्वींची चूक सांगतों. सात वर्षांपूर्वीं आमचे चिरंजीव बारावींत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाले, तेव्हां आम्हीं त्यांस न सांगतां शहरांतील एका दुकानांतून कॅमेरा आणला. दुकानदारानें खोक्यावरील मोठे आंकडे बोट ठेवून दाखविले: इतके मेगापिक्सेल, इतक्या पटींनीं दूरचें जवळ. आम्हांस आंकडे मोठे दिसले कीं समाधान वाटतें, ही कारकुनी खोड. कॅमेरा चकचकीत होता, खोकें मोठें होतें, आणि पाहुण्यांदेखत तें उघडतांना आमची छाती फुगली होती. चिरंजीवांनीं तो दोन वेळां वापरला, आणि तोही आमचें मन राखण्यासाठीं, असें आतां वाटतें. त्यास त्या वस्तूचें काम नव्हतें. काम होतें तें आमच्या हौसेस. तिसऱ्या पावसाळ्यानंतर कपाट उघडलें तेव्हां भिंगाच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली आढळली. दोष दुकानदारास किती द्यावा आणि स्वतःस किती घ्यावा, हें आम्हीं अजून ठरविलें नाहीं.

म्हणून या खेपेस दुकानापासून आरंभ न करतां शेतापासून केला. फोटो कशाचा काढावयाचा? लग्नकार्याचा व माणसांचा, झाडाच्या शेंड्यावरील पांखराचा, कीं पानावरील अळीचा? हीं तिन्ही कामें वेगळीं आहेत आणि तिहींस भिंगें वेगळीं लागतात. पांखरांचा नाद ज्यास आहे त्यास आम्ही स्पष्ट सांगतों कीं, वीस हजारांत त्याचें पुरतें समाधान होणार नाहीं. दूरच्या पांखरास लागणारें लांब भिंग एकटेंच कॅमेऱ्याहून महाग पडतें. अळीचें तसें नाहीं. अळी पळून जात नाहीं, तिच्याजवळ जातां येतें, आणि जवळ जाण्याचे उपाय स्वस्त आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय आम्हीं आधीं करून पाहिला. मोबाइलच्या डोळ्यावर चिमट्यानें बसविण्याचें एक लहान भिंग कांहीं शेंकडा रुपयांत मिळतें. तें आणून लावलें, आणि खरें सांगावयाचें तर चित्र पुष्कळ सुधारलें. ज्यास केवळ मावा किंवा तुडतुडा कृषि सहाय्यकास दाखवावयाचा आहे, त्यानें हें चिमट्याचें भिंग घ्यावें आणि पुढील लेख वाचण्याचे श्रम घेऊं नयेत. मात्र त्यांत अडचण अशी कीं, मोबाइल अळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावा लागतो. तेथें त्याची स्वतःचीच छाया पडते, आणि पोंग्याच्या खोल भागांत तर तो शिरतच नाहीं. कांहीं नव्या स्वस्त मोबाइलांत जवळच्या फोटोसाठीं म्हणून वेगळा डोळा असतो, तो बहुधा दोनच मेगापिक्सेलचा. त्याच्यावर विसंबूं नये. पुतणीनें आठ दिवस चिमट्याचें भिंग वापरलें. ठिपके आले, पण डोक्यावरील रेघ कधीं आली, कधीं नाहीं.

येथें मेगापिक्सेल या शब्दाचा उलगडा थोडा विस्तारानें करणें जरूर आहे, कारण बहुतेक फसवणूक याच एका शब्दांत होते. कॅमेऱ्याच्या आंत, पूर्वीं जेथें फिल्म असे तेथें, आतां प्रकाश टिपणारी एक चौकोनी पाटी असते. तिच्यावर लक्षावधि बारीक कप्पे असतात. दहा लाख कप्पे म्हणजे एक मेगापिक्सेल. दुकानदार कप्प्यांची संख्या सांगतो, पाटीचें क्षेत्रफळ सांगत नाहीं. खातेदारानें आपल्या जमिनीचे तुकडे किती ते सांगावे आणि एकर-गुंठे सांगूं नयेत, तसा हा प्रकार होय. चिरंजीवांच्या कॅमेऱ्याच्या जातींत ही पाटी साधारण ६.२ मिलिमीटर रुंद व ४.६ मिलिमीटर उंच असते. भिंग बदलतां येणारे जे साधे आरशाचे कॅमेरे मिळतात, त्यांपैकीं कॅननच्या कॅमेऱ्यांत ती सुमारे २२.३ बाय १४.९ मिलिमीटर असते. गुणाकार करून पाहावा: एकीकडे अठ्ठावीस-एकोणतीस चौरस मिलिमीटर, दुसरीकडे तीनशें बत्तीस. जवळजवळ साडेअकरा पट. पावसांत अंगणांत एक वाटी व एक परात ठेवावी. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, परंतु परातींत पाणी अधिक सांठतें. पोंग्याच्या आंत किंवा आभाळ भरून आलेल्या दिवशीं प्रकाश थोडा असतो. तेव्हां परातीचें महत्त्व कळतें. वाटीएवढ्या पाटीवर तितकेच किंवा अधिक कप्पे पाडले, तर एकेक कप्पा इतका लहान होतो कीं, त्यांत पुरता प्रकाश येत नाहीं आणि चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे कण दिसूं लागतात. आपल्याकडे जमिनीचे तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालीं कायदा झाला. कॅमेऱ्यांच्या कारखानदारांस तो लागू नाहीं.

बरें, कप्पे तरी किती लागतात? अठरा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचें चित्र ५,१८४ बाय ३,४५६ कप्प्यांचें असतें. उत्तम छपाईस इंचाला तीनशें ठिपके धरले तरी त्यांतून सतरा इंच रुंद व साडेअकरा इंच उंच फोटो निघतो. पुतणीच्या वहीचें पान त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. म्हणजे अठराच्या वर जे आंकडे आहेत त्यांसाठीं पैसे देणें आम्हांस आवश्यक नव्हतें, ही गोष्ट एकदां ध्यानांत आल्यावर बाजाराकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली.

नव्या कॅमेऱ्याची चौकशी केली. भिंग बदलतां येणारा नवा कॅमेरा भिंगासह चाळीस हजारांच्या पुढें सांगितला. तो प्रश्न तेथेंच मिटला. वीस हजारांच्या आंत नवे जे दाखविण्यांत आले ते चिरंजीवांच्या कॅमेऱ्याचे भाऊबंद. राहतां राहिला वापरलेला कॅमेरा. कंपन्यांचें लक्ष आतां आरसा नसलेल्या नव्या धर्तीच्या कॅमेऱ्यांकडे वळलें आहे, त्यामुळें आरशाचे जुने कॅमेरे लोक स्वस्तांत काढून टाकतात आणि अजून तीं यंत्रें उत्तम काम देतात.

परंतु वापरलेली वस्तु भेट म्हणून द्यावी कीं नाहीं, यावर घरांत दोन दिवस वाद झाला. आमच्या मंडळींचें म्हणणें, "बापाविना वाढलेल्या पोरीला दुसऱ्याची उतरलेली वस्तु द्यायची? लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आम्हांसही टोंचला. मोठें खोकें, रंगीत कागद, पाहुण्यांदेखत देणें, या सर्वांस मुकावें लागणार होतें. आम्हीं म्हटलें, शेतांत जुंपावयाचा बैल आपण कोऱ्या करकरीत दुकानांतून आणतों काय? बाजारांत जातों, दांत पाहतों, खांदा पाहतों, चालवून पाहतों. आणि कामास लागलेला, शिकलेला बैल घेतल्याबद्दल कोणी नांवें ठेवीत नाहीं. मंडळींचें समाधान झालें असें नाहीं. त्या फक्त बोलावयाच्या थांबल्या. मग आम्हींच पुतणीस बोलावून सर्व सांगून टाकलें. गुपित ठेवण्याचा मोह होता, पण मागील वेळीं गुपितानेंच घात केला होता. ती म्हणाली, "काका, नवा असता तर मी त्याला पोंग्यांत घालायला भ्यालें असतें. जुनाच बरा. आणि उरलेले आईला द्या." खाणावळीची गोष्ट तिला कोणी सांगितली होती, हें आम्हांस समजलें नाहीं.

यापुढें ती आमच्याबरोबर असे, आणि हें फार बरें झालें. कॅमेरा कोणाच्या हातांत राहावयाचा त्याच्या हातांत तो आधीं देऊन पाहावा. एक भक्कम मोठा कॅमेरा आम्हांस फार पसंत पडला होता. तिनें तो एका हातानें उचलून धरला आणि खालीं ठेवला. दुसऱ्या हातानें तिला मक्याचें पान बाजूस धरावयाचें असतें, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

वापरलेल्या कॅमेऱ्याचे "दांत" पाहावयाचे ते असे. आंतील पडदा प्रत्येक फोटोस एकदां उघडतो व मिटतो. साध्या जातीच्या कॅमेऱ्याचा पडदा लाखभर वेळां काम देईल असा सर्वसाधारण अंदाज धरतात. निकॉनच्या कॅमेऱ्यांत ही संख्या काढलेल्या फोटोच्या माहितींतच नोंदलेली असते व संगणकावर सहज वाचतां येते. कॅननच्या साध्या कॅमेऱ्यांत ती तशी मिळत नाहीं. तारेनें संगणकास जोडून निराळ्या प्रोग्रॅमनें काढावी लागते. विकणारा हें करूं देण्यास कांकूं करील तर नमस्कार करून निघावें. तालुक्याच्या गांवीं लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थाचा कॅमेरा फार स्वस्त मिळत होता. संख्या पाहिली तों एक लाख चाळीस हजारांच्या वर. गृहस्थ प्रामाणिक, त्यांनींच आधीं सांगितलें कीं, "काका, ह्याचीं दहा वर्षें लगीनसराईंत गेलीं आहेत."

निकॉनच्या साध्या जातीच्या, म्हणजे डी ३२०० सारख्या, कॅमेऱ्यांविषयीं आणखी एक सावधगिरी सांगतों. त्यांच्या अंगांत भिंग फिरविणारी मोटार नसते. ती भिंगांत असावी लागते. स्वस्त मिळतें म्हणून जुन्या धर्तीचें भिंग घेतलें, तर तें हातानेंच फिरवून नेमकें करावें लागतें. कॅननच्या ईएफ व ईएफ-एस भिंगांत मोटार भिंगांतच असते, त्यामुळें ही अडचण येत नाहीं. आम्हीं कॅननकडे वळलों तें एवढ्याच कारणानें. एक कंपनी चांगली व दुसरी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं.

भिंग तपासतांना खिशांत बॅटरी ठेवावी. कॅमेऱ्यापासून भिंग काढून एका बाजूनें बॅटरीचा झोत टाकावा व दुसऱ्या बाजूनें तिरपें पाहावें. धुळीचे दोन-चार कण असले तरी चित्रास बाधा येत नाहीं. परंतु धाग्यांसारखें किंवा झाडाच्या मुळांसारखें कांहीं दिसलें तर ती बुरशी समजावी आणि किंमत कितीही उतरली तरी घेऊं नये. पुण्यांतील एका दुकानांत आम्हांस दाखविलेल्या भिंगांत अशीं मुळें निघालीं. दुकानदार म्हणाला, "फोटोत येत नाही." आम्हीं म्हटलें, "आमच्या कपाटांत येतें." त्यानंतर स्वच्छ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो भिंगाचें छिद्र अगदीं बारीक करून काढावा, पाटीवर धूळ असल्यास काळे ठिपके दिसतात. कार्ड आपलें न्यावें, बटणें सर्व दाबावीं, कार्डाच्या खांचेंतील टांचण्या वांकल्या आहेत काय तें पाहावें, आणि बॅटरी फुगलेली असेल तर ती हिशेबांतून वगळावी. या सर्वांस अर्धा तास लागतो. घाई करणाऱ्याकडून घेऊं नये.

शेवटीं कॅमेरा मिळाला तो शेजारच्या तालुक्यांतील एका निवृत्त शिक्षकांकडे. कॅनन १२००डी, २०१४ सालीं निघालेली जात, अठरा मेगापिक्सेल. त्यांनीं तो यात्रेस जातांना घेतला होता व पुढें मोबाइल आल्यावर तसाच ठेवला होता. मात्र कपाटांत न ठेवतां धान्याच्या कोरड्या कोठींत, डब्यांत घालून. पडद्याची संख्या नऊ हजारांच्या आसपास निघाली. बरोबर १८-५५ चें भिंग. या भिंगाच्या पाठोपाठ इंग्रजी "आयएस" हीं अक्षरें आहेत किंवा कसें तें अवश्य पाहावें. तीं असलीं म्हणजे हाताचा कंप सांभाळण्याची सोय भिंगांत आहे. बाहेरून तसेंच दिसणारें दुसरें एक भिंग त्या सोयीवांचून येतें, आणि पुष्कळ लोक तें ओळखत नाहींत. गुरुजींनीं तेरा हजार सांगितले. पुतणीनें त्यांस वही दाखविली, "खूण दिसत नाहीं" हा शेराही दाखविला. गुरुजी थोडा वेळ वही चाळीत बसले आणि म्हणाले, "साडेअकरा द्या." आम्हीं घासाघीस करण्याची तयारी करून गेलों होतों, ती तशीच राहिली.

या साध्या भिंगाचा एक गुण सहसा कोणी सांगत नाहीं. तें पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जवळचें स्पष्ट पाहूं शकतें, आणि तेथें वस्तु पाटीवर तिच्या प्रत्यक्ष आकाराच्या सुमारें एक-तृतीयांश उमटते. म्हणजे साडेसहा सेंटीमीटर रुंदीचा भाग चौकटींत मावतो, आणि साडेतीन सेंटीमीटरची अळी निम्मी चौकट भरते. चार ठिपके मोजण्यास एवढें पुरे आहे. डोक्यावरील रेघेसाठीं मात्र आणखी जवळ जावें लागतें. त्यास उपाय म्हणजे भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें बसविण्याची पोकळ नळी. तिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. तिच्यांत कांच मुळींच नसते, केवळ भिंग पाटीपासून दूर जातें व त्यामुळें चित्र मोठें पडतें. अगदीं स्वस्त नळी घेऊं नये. तींत विजेच्या टांचण्या नसतात, मग कॅमेरा व भिंग यांचें बोलणें तुटतें आणि छिद्र लहान-मोठें करतां येत नाहीं. टांचण्यांची नळी आम्हांस अठराशें रुपयांस पडली.

हिशेब असा झाला: कॅमेरा व भिंग ११,५००, जुनी बॅटरी अर्ध्या दिवसांत उतरे म्हणून दुसरी ९००, बत्तीस जीबीचें कार्ड ६००, तें ओळखीच्या दुकानांतून पावती घेऊन, कारण नकली कार्डें बाजारांत पुष्कळ आहेत, नळी १,८००, धूळ उडविण्याचा रबरी फुगा २००, घट्ट झांकणाचा डबा व ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे ४५०, जाण्यायेण्याचा खर्च ६४०. एकूण १६,०९०. उरलेले ३,९१० रुपये भावजयींच्या हातीं दिले. त्यांनीं ते दोनदां मोजले. तिपाई घेतली नाहीं. कळकाच्या काठीस वरून खांच पाडून तिच्यावर कॅमेरा टेंकण्याची युक्ति मुलीनें स्वतःच काढली.

फोटो काढण्याची वेळ सकाळची. ऊन चढलें कीं अळी पोंग्यांत खोल जाते. पहांटे ती वर असते व सुस्तही असते. जवळून काढतांना छिद्र आठ किंवा अकरा या आंकड्यावर ठेवावें, नाहींतर डोकें स्पष्ट येतें आणि शेपूट धुक्यांत जाते. कॅमेऱ्यावरील दिवा उघडा न लावतां त्यापुढें पांढऱ्या कागदाचा तुकडा धरावा. अळीचें अंग तुकतुकीत असल्यानें उघडा प्रकाश तिच्यावर चमकतो व खूण झांकून टाकतो. हा कागद धरण्याचें काम सध्यां आमच्याकडे आहे.

पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या पिशवींत किंवा लांकडी कपाटांत ठेवूं नये. शेतांतून आल्यावर कोरड्या फडक्यानें पुसून डब्यांत ठेवावा. सिलिका जेलचे निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले कीं तव्यावर मंद आंचेवर भाजावे, पुन्हां निळे होतात. तांदळांत ठेवण्याची पद्धत सांगणारे भेटतील; त्यांचें ऐकूं नये, तांदळाची भुकटी यंत्रांत जाते. औषध फवारल्यावर हात साबणानें धुतल्यावांचून कॅमेऱ्यास स्पर्श करूं नये, कारण तो डोळ्यास लावावयाचा असतो.

जुलै महिन्यांत आमच्या शेजारच्या शेतकऱ्यांनीं मका दाखविला. पोंग्यांत भुशासारखी विष्ठा, पानांस ओळीनें भोकें. त्यांचें म्हणणें, हा नेहमींचा खोडकिडा. दरवर्षीं असतो व जातो. पुतणीनें काठी रोविली, आम्हीं कागद धरला. पांचव्या फोटोंत अळीचें डोकें कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर पावलीएवढें दिसलें, आणि त्यावर उलटें वाय. शेजाऱ्यांनीं चष्मा पुसून चार ठिपके स्वतः बोट ठेवून मोजले. मग दोघे मिळून पंचवीस-तीस झाडें पाहत गेले, आणि त्याच दिवशीं त्यांनीं मुलास कृषि केंद्राकडे विचारावयास धाडलें.

वहींतील तो शेरा गुरुजनांनीं खोडून दिला आहे.

मुलगी दिवाळीच्या सुटींत घरीं असेल. कोणा वाचकास आपल्या पिकावरील किडीचा फोटो काढून हवा असल्यास संस्थेच्या कचेरींत आमचा पत्ता ठेवला आहे. येतांना नुसती अळी बाटलींत घालून आणूं नये. ती ज्या पानावर किंवा पोंग्यांत आहे त्यासकट, ओल्या फडक्यांत गुंडाळून, सकाळीं नऊच्या आंत आणावी.